चेहरा तिचा आहे, एवढं पुरेसं असायला हवं

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले ४८ आणि राज्यसभेतले १९ सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात २२ वर्षं वकिली करते. बहुतेक कामं फौजदारी, त्यातली निम्मी बायकांची. तुमच्यापैकी एकाच्या मतदारसंघात माझं मत आहे. बाकीच्यांनाही हे पत्र लिहिते आहे, कारण संमतीशिवाय यंत्राने बनवलेल्या नग्न फोटोंबद्दल भारतीय न्याय संहितेत एक कलम वाढवायचं की नाही हे तुमच्या सभागृहांत ठरतं.

दीड वर्षापूर्वी एक मुलगी तिच्या आईला घेऊन माझ्याकडे आली. तिच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असं सगळं वगळलं आहे. वय १९, बीकॉमचं दुसरं वर्ष. आईने पिशवीतून फोन काढला तेव्हा त्याच्या कडेला गव्हाचा भुसा होता. घरात कुणाच्या हाताला लागू नये म्हणून चार दिवस तो गव्हाच्या डब्यात, दाण्यांच्या खाली ठेवला होता. वडिलांना अजून सांगितलेलं नव्हतं.

फोटोत चेहरा मुलीचा होता. मानेखालचं जे होतं ते तिचं नव्हतं. कानात मोठे झुमके होते, मामेबहिणीच्या हळदीला घालायला मावशीकडून मागून आणलेले. त्या झुमक्यांवरूनच तिला कळलं की हा हळदीचा फोटो. एक दिवस स्टेटसला ठेवला होता, नंतर आपोआप गेलाही. तेवढ्यात वर्गातल्या एका मुलाने तो उतरवून घेतला आणि एका मेसेजिंग अ‍ॅपवरच्या बॉटला दिला. बॉटने पिवळी साडी काढून टाकली आणि झुमके तसेच ठेवले. पुढे तो फोटो मुलांच्या एका ग्रुपवर गेला, तिथून दुसऱ्या, आणि तिला कळला तो सर्वांत शेवटी, एका मैत्रिणीकडून.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. मी मुद्दाम कुठलं ते लिहीत नाही, कारण दुसरीकडे काही वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही. ड्युटीवरचा अंमलदार वागायला वाईट नव्हता. त्याने फोटो पाहिला, फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "चेहरा तुमचाच ना?" ती म्हणाली, "हो." "आणि बाकीचं?" ती म्हणाली, "बाकीचं माझं नाही." तो जरा सैलावला. "मग तुम्ही एवढं टेन्शन का घेता ताई, तुमचं नाहीच आहे ना ते." त्याला धीरच द्यायचा होता. पण त्या वाक्यात सगळा घोळ आहे, आणि तो घोळ त्याने घातलेला नाही. कायद्याच्या पुस्तकातच तो तसा आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यातलं ६६ ई हे खासगीपणाच्या भंगाचं कलम २००८ च्या दुरुस्तीने आलं. संमतीशिवाय कुणाच्या 'खासगी भागा'चं चित्र टिपणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं हा त्यात गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आता सांगा, इथे खासगी भाग कुणाचा? तिचा नाही. ज्या हजारो चित्रांवर ते यंत्र शिकलं त्या अनोळखी बायकांचा म्हणावं, तर त्यांच्यापैकी एकीचाही नेमका नाही. न्याय संहितेचं ७७ वं कलम बाईला चोरून पाहण्याबद्दल आणि तिचं चित्रण करण्याबद्दल आहे. त्याला कॅमेरा लागतो आणि कॅमेऱ्यासमोर खासगी कृती करणारी बाई लागते. इथे कॅमेराच नव्हता. विनयाच्या अपमानाबद्दलचं ७९ वं कलम लावा म्हणून मी भांडले. त्यात अपेक्षा अशी आहे की ती वस्तू त्या बाईने पाहावी असा करणाऱ्याचा हेतू असावा, किंवा तिच्या खासगीपणात त्याने घुसखोरी केलेली असावी. इथे तर सगळं तिच्यापासून लपवून चाललेलं. अंमलदाराने माझं ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्याच्या जागी मी असते तर मलाही पानं उलटत बसावं लागलं असतं.

उरलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचंच ६७. अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं. हमखास लागणारं कलम हेच, आणि मला सर्वांत जास्त खुपतं तेही हेच. त्याची भाषा वाचा. मजकूर कामुक आहे का, किंवा तो पाहणाऱ्याची मती भ्रष्ट करील का, असं ते कलम विचारतं. म्हणजे त्या ग्रुपवरच्या पोरांच्या चारित्र्याची काळजी कायद्याला आहे. त्या मुलीला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न त्या कलमात कुठेच नाही. तिने हो म्हटलं असतं तरी तो गुन्हाच राहिला असता. ती नाही म्हणाली याला त्यात काही वजन नाही. शिवाय त्यात प्रसिद्ध करणं आणि पाठवणं आहे, बनवणं नाही. एखाद्याने शंभर मुलींचे असे फोटो करून स्वतःच्या लॅपटॉपवर फोल्डर लावून ठेवले, तर ६७ त्याच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नाही.

सोबत ६६ ई टाकलं गेलं, आणि न्याय संहितेचं ३३६ (४) लावलं गेलं, लौकिकाला बाधा आणण्यासाठी केलेली बनावटगिरी. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा एका ब्रिटिश भारतीय तरुणीच्या व्हिडिओवर बसवला गेला, तेव्हा दिल्ली पोलिसांनीही तेव्हाच्या दंड संहितेतली बनावट दस्तऐवजाचीच कलमं लावली होती. जानेवारी २०२४ मध्ये आंध्रमधून आरोपी पकडला गेला. तपास चांगला झाला. पण हत्यार कोणतं वापरावं लागलं पाहा. सात-बारावर खोटी सही करणाऱ्याला जे कलम लागतं, ते.

बनावटगिरीच्या गुन्ह्यात नुकसान हे असतं की लोक फसतात. माझ्या अशिलाच्या प्रकरणात कुणीच फसलेलं नव्हतं. वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं की फोटो बनवलेला आहे. बनवणाऱ्याने ग्रुपवर तसं लिहिलंही होतं, आणि कोणतं बॉट, किती वेळ लागला, हेही. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी पाहिला. ती वर्गात आली की मुलं खाली बघायची, आणि तिला कळायचं ती काय आठवतायत. फोटो खोटा आहे हे कोर्टात सिद्ध करून तिला काय मिळणार? तो खोटा आहे हे पहिल्या दिवसापासून कुणी नाकारलंच नव्हतं.

म्हणून लेबलाच्या उपायाकडे मी फार आशेने पाहत नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियम बदलले. यंत्राने बनवलेल्या चित्रावर, आवाजावर तशी खूण सक्तीची केली आणि तक्रार आल्यावर असा मजकूर हटवण्याच्या मुदती बऱ्याच आखूड केल्या. निवडणुकीतल्या खोट्या भाषणासाठी, बँकेच्या नावाने केलेल्या खोट्या व्हिडिओसाठी खूण कामाची आहे. एका मुलीच्या नग्न चित्राच्या कोपऱ्यात 'कृत्रिम' असं लिहून तिचं काय भलं होतं? मुदत आखूड झाली ही मात्र चांगली गोष्ट आहे, ती मी मनापासून मान्य करते. २०२१ च्या नियमांतही मॉर्फ केलेल्या चित्रांचा उल्लेख होता आणि २४ तासांत हटवण्याचं बंधन होतं. पण हे सगळे नियम कंपनीशी बोलतात. ऐकलं नाही तर कंपनीचं कायदेशीर संरक्षण जाईल, एवढीच त्यांची धमकी आहे. ज्या मुलाने फोटो बनवला त्याच्याशी ते एक शब्दही बोलत नाहीत. आणि बंद ग्रुपांमधून हातोहात फिरणाऱ्या फोटोची तक्रार कोणत्या दुव्यावर बोट ठेवून करायची, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

ठाण्यातल्या त्या दिवसाकडे पुन्हा येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्यांचा तपास निरीक्षकाच्या दर्जाखालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, असं त्याच कायद्याच्या ७८ व्या कलमात आहे. साहेब बंदोबस्ताला गेले होते. उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले, आणि त्यांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, १७३ (३) चा आधार घेतला. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांची परवानगी घेऊन १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, मग ठरवायचं गुन्हा नोंदवायचा की नाही. कायद्याने त्यांना ती मुभा दिलेली आहे. आमचा अर्ज 'चौकशीवर' ठेवला गेला. या १४ दिवसांत फोटो तिच्या मामाच्या गावापर्यंत गेला.

आणि मग निरोप आला की अर्जाला जोडायला फोटोची रंगीत प्रिंट आणा, दोन प्रती.

कोर्टासमोर झेरॉक्सची तीन दुकानं आहेत. तिन्ही ठिकाणी पोरं कामाला, तिच्याच वयाची. पेन ड्राइव्ह दिला की फाइल आधी त्यांच्या स्क्रीनवर उघडणार. मुलगी आणि आई दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिल्या आणि दोघींपैकी एकही पुढे होईना. मी त्यांना परत ऑफिसात आणलं, चहा दिला, आणि बाजारातून एक प्रिंटर विकत आणला. त्याची जुळणी करायला मला तासभर लागला. पहिल्या प्रिंटमध्ये रंग बिघडले म्हणून पुन्हा काढावी लागली, आणि ती बिघडलेली प्रिंट मुलीने माझ्या हातातून घेतली आणि पार बारीक तुकडे होईपर्यंत फाडत बसली. त्यानंतर साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालचं प्रमाणपत्र, फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकी ठसा), फोन जप्त करून प्रयोगशाळेत. तो फोन तिला अजून परत मिळालेला नाही.

तिचा जबाब पुरुष अधिकाऱ्याने घेतला. यात नियमभंग झालेला नाही, हीच तर माझी तक्रार आहे. फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावी असं १७३ व्या कलमात आहे, पण ते न्याय संहितेतल्या मोजक्या लैंगिक गुन्ह्यांपुरतं: बलात्कार, विनयभंग, चोरून पाहणं, पाठलाग, विनयाचा अपमान, अ‍ॅसिड हल्ला. ६७ आणि ३३६ त्या यादीत नाहीत. पीडितेचं नाव छापणं हा न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, पण ते त्याच संहितेच्या ६४ ते ७१ एवढ्या कलमांनाच लागू, म्हणजे बलात्काराशी संबंधित गुन्ह्यांना. बंद दालनातल्या सुनावणीची हमीही त्याच गुन्ह्यांपुरती. म्हणजे या मुलीचं पूर्ण नाव उद्या एखाद्या स्थानिक दैनिकाने छापलं, तर या तरतुदीच्या आधाराने मला काहीच करता येणार नाही. उघड्या कोर्टात, दुसऱ्या दहा प्रकरणांचे पक्षकार बाकांवर बसलेले असताना, तिला ते चित्र हातात देऊन 'हे तेच का' असं विचारलं जाऊ शकतं. गुन्हा कोणत्या प्रकरणात ठेवायचा ही मांडणीची किरकोळ बाब वाटते, पण एका मुलीच्या वाट्याला काय येतं ते यावरून ठरतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२३ च्या अहवालात देशभरात ८६,४२० सायबर गुन्हे आहेत. महिलांविरुद्धच्या सायबर गुन्ह्यांच्या तक्त्यात या प्रकारच्या गुन्ह्यासाठी जो रकाना आहे त्याचं नाव 'बदनामी/मॉर्फिंग'. मोजणाऱ्यांच्याही डोळ्यांना दिसते ती बदनामी.

आता एक गोष्ट अशी सांगते, जी तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, कारण ती तुमच्याच सभागृहांनी केलेली आहे. २०१९ मध्ये पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा, दुरुस्त झाला. त्यात बालकांच्या अश्लील चित्रणाची व्याख्या घातली गेली, आणि त्या व्याख्येत संगणकाने बनवलेलं, खऱ्या बालकापासून वेगळं ओळखू न येणारं चित्रही आहे, आणि फेरफार करून बालक दाखवतं असं भासणारं चित्रही आहे. जवळ बाळगण्याबद्दल वेगळं कलम आहे. त्या कायद्यात महिला अधिकाऱ्याने, होता होईल तो मुलीच्या घरी, गणवेश न घालता जबाब घ्यायचा आहे. ओळख उघड करायला मनाई आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी सामग्री नुसती साठवण्याबद्दलही कडक निकाल दिला आणि तिला 'पोर्नोग्राफी' म्हणणंसुद्धा थांबवा असं सुचवलं, कारण त्या शब्दात संमतीचा वास येतो. म्हणजे कसं लिहायचं हे आपल्या कायद्याला माहीत आहे. लिहून सात वर्षं झाली. माझी अशील दोन वर्षांनी लहान असती तर मी पहिल्या दिवशी त्या कायद्याखाली फिर्याद लिहून घेतली असती आणि "बाकीचं तुमचं नाही ना" हे वाक्य कुणी उच्चारलं नसतं. अठराव्या वाढदिवशी असं काय होतं की तिच्या चेहऱ्यावरचा तिचा हक्क संपतो?

श्रीमंतांना दुसरी वाट आहे. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग, २०२५ मध्ये आशा भोसले, यांनी आपल्या आवाजाच्या, चेहऱ्याच्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावे केले आणि त्यांना तातडीने मनाई हुकूम मिळाले. मिळालेच पाहिजेत. आशाताईंचा आवाज कुणा कंपनीच्या यंत्राने वापरावा हे मलाही सहन होत नाही. पण त्या दाव्यांचा पाया कीर्तीमान व्यक्तीच्या ओळखीला बाजारात असलेलं मोल हा आहे. बीकॉमच्या मुलीच्या चेहऱ्याला बाजारात मोल नाही. तिच्याकडे मुंबईला जायला एसटीचं भाडं आहे, दाव्याचा खर्च नाही.

हे सगळं अचानक आलं असंही नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या पत्रकार राणा अय्यूब यांचा चेहरा लावलेली अश्लील चित्रफीत देशभर फिरवली गेली. त्यांनी पुढे स्वतः त्याबद्दल लिहिलं. त्यांच्या मतांशी तुमच्यापैकी काहींचं पटत नसेल, त्याचा इथे संबंध नाही. दुसऱ्याच वर्षी डीपट्रेस या कंपनीने इंटरनेटवरच्या १४,६७८ डीपफेक, म्हणजे यंत्राने बनवलेल्या खोट्या, चित्रफिती मोजल्या, त्यांतल्या ९६ टक्के अश्लील होत्या आणि त्यांतले चेहरे जवळजवळ सगळे बायकांचे. तेव्हा अशी एक चित्रफीत करायला जाणकार माणूस आणि चांगला संगणक लागायचा. आता बारावी नापास मुलगा बसथांब्यावर उभा राहून करतो. जानेवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात एक्सवरचा ग्रोक हा एआय चॅटबॉट लोकांच्या सांगण्यावरून बायकांच्या खऱ्या फोटोंवरचे कपडे उघड्यावर उतरवत होता. तेव्हा महाराष्ट्राच्याच राज्यसभा सदस्य असलेल्या प्रियंका चतुर्वेदी यांनी माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना पत्र लिहिलं, आणि २ जानेवारीला मंत्रालयाची नोटीस गेली. त्याआधी महिनाभर, डिसेंबर २०२५ मध्ये, कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे यांनी डीपफेकच्या नियमनाचं खासगी विधेयक (सरकारने नाही, तर सदस्याने स्वतः आणलेलं) लोकसभेत मांडलं. दोघं एकमेकांच्या समोरच्या बाकांवर बसणाऱ्या पक्षांतले. या विषयात महाराष्ट्राचे खासदार एका बाजूला येऊ शकतात, हे मला त्यावरून दिसलं आणि म्हणून हे पत्र एकाला न लिहिता ६७ जणांना लिहिलं. खासगी विधेयकावर थांबू नका एवढीच विनंती. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही. सरकारकडून विधेयक आणवून घ्या.

विधानसभेत का नाही, असं कुणी विचारेल. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आपल्या विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केलं. संपर्काच्या कोणत्याही साधनाने बायकांना त्रास देण्याबद्दल त्यात वेगळं कलम होतं. सोबत मृत्युदंड होता, कमी केलेल्या मुदती होत्या. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि तो कायदा झालाच नाही. मला त्यातून जो धडा दिसतो तो असा की शिक्षा वाढवत नेली की मूळ कामाचं कलमही तिच्या ओझ्याखाली अडकतं.

मी फाशी मागत नाही. दहा वर्षंही मागत नाही. माझ्या प्रकरणातला मुलगा २० वर्षांचा आहे आणि त्याची आई माझ्या ऑफिसात येऊन रडून गेली आहे. तो तुरुंगात सडावा असं मला वाटत नाही, माझ्या अशिलालाही वाटत नाही. तिला एवढंच हवं आहे की त्याने जे केलं त्याला कायद्यात त्याचं नाव असावं.

कलम छोटं हवं. कोणत्याही ओळखू येणाऱ्या खऱ्या व्यक्तीचं, तिच्या संमतीशिवाय, तिला नग्न किंवा लैंगिक कृतीत दाखवणारं किंवा दाखवतं असं भासणारं चित्र, चित्रफीत वा ध्वनिफीत बनवणं, बनवून घेणं, पाठवणं, किंवा पाठवीन अशी धमकी देणं. 'भासणारं' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. ब्रिटनने तोच मार्ग घेतला आणि ३१ जानेवारी २०२४ पासून असं चित्र पाठवणं, आणि त्यानंतर दोन वर्षांनी ते बनवणंही, गुन्हा ठरवलं. दक्षिण कोरियात २०२४ साली शाळाशाळांमधून अशा चित्रांचे ग्रुप उघडकीस आल्यावर तिथल्या संसदेने ते बाळगणं आणि पाहणं यालाही शिक्षा ठेवली. तितकं दूर लगेच जावं असं मला वाटत नाही. ज्याच्या फोनवर न मागता फोटो येऊन पडला त्यालाही पोलीस उचलतील, आणि मग कुठलीच मैत्रीण पुढे येऊन सांगणार नाही की तुझा फोटो फिरतोय. माझ्या अशिलाला ते मैत्रिणीमुळेच कळलं.

'व्यक्ती' हा शब्दही मुद्दाम लिहिला. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी हप्ता चुकलेल्या पुरुषांचे असे फोटो करून त्यांच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना पाठवलेले मी पाहिले आहेत. तृतीयपंथी व्यक्तींच्या वाट्याला तर ७७ आणि ७९ ही कलमंही येतीलच असं नाही.

हे कलम न्याय संहितेच्या पाचव्या प्रकरणात, लैंगिक गुन्ह्यांच्या शेजारी ठेवा. नाव गुप्त ठेवण्याची तरतूद, महिला अधिकारी, बंद दालन, ही तिन्ही संरक्षणं त्याला स्पष्ट शब्दांत जोडा. १४ दिवसांच्या चौकशीतून ते वगळा. आणि न्यायालयाला पहिल्याच तारखेला, खटल्याचा निकाल लागायची वाट न बघता, आरोपीच्या सगळ्या उपकरणांवरून ते चित्र पुराव्याची प्रत राखून पुसून टाकण्याचा हुकूम देता येऊ दे. माझ्या प्रकरणात त्याचा फोन जप्त आहे. त्याच्या मेलच्या खात्यात त्या फोटोची प्रत असेल की नाही, हे तिला कुणी सांगू शकत नाही. रात्री तीन वाजता तिचे मेसेज येतात, ते याच एका प्रश्नाबद्दल.

कलम अरुंद ठेवा, हेही तितक्याच कळकळीने सांगते. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, हे आपण महाराष्ट्रातल्यांनी विसरू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ अ च्या आधाराने ती झाली ते कलम २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, कारण त्याची भाषा इतकी सैल होती की काहीही तिच्यात बसायचं. नवं कलम डीपफेक या शब्दावर उभारलं आणि त्यात 'अपमानकारक', 'आक्षेपार्ह' असले शब्द आले, तर पहिली अटक एखाद्या व्यंगचित्रकाराची होईल. नग्नता किंवा लैंगिक कृती, खरी व्यक्ती, संमती नाही. या तीन खुंट्यांच्या बाहेर एक शब्दही नको.

प्रकरण आज कुठे आहे ते सांगते. लावलेली तिन्ही कलमं, ६६ ई, ६७ आणि ३३६ (४), जामीनपात्र, त्यामुळे मुलगा त्याच संध्याकाळी घरी गेला. प्रयोगशाळेच्या अहवालाला काही महिने लागले. दोषारोपपत्र आल्यावर आरोपीच्या वकिलांनी दोषमुक्तीचा अर्ज दिला. ते माझे जुने स्नेही आहेत, चांगले वकील आहेत, आणि त्यांनी त्यांचं काम चोख केलं. त्यांचं म्हणणं होतं की शरीर फिर्यादीचं नाही हे फिर्यादच सांगते, मग तिच्या खासगी भागाचं चित्र कसं? कोर्टाने ६६ ई वगळलं. कलमाची भाषा पाहता तो आदेश चुकीचा आहे असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. उरली अश्लीलता आणि बनावटगिरी.

पुढच्या महिन्यात तिची साक्ष आहे. उलटतपासात काय विचारतील हे मी तिला समजावून सांगत होते, तेव्हा तिने मधेच थांबवून विचारलं, "मॅडम, ते बाकीचं माझं नाही हे मी परत सांगायचं का?" सांगावं लागेल, खरं तेच आहे. मी तिला तसं सांगितलं. ती वहीत लिहून घेत होती, ते तिने लिहिलं आणि खाली रेघ मारली.

हिवाळी अधिवेशनाच्या आधी तुमच्यापैकी कुणाला या कलमाचा मसुदा बघायचा असेल, तर माझ्याकडे दोन पानी तयार आहे. मराठीत आहे, इंग्रजीतही करून देईन. दिल्लीला यायची माझी तयारी आहे.

आपली,
जिल्हा न्यायालयातली एक वकील
(अशिलाची ओळख जपण्यासाठी मी इथे माझं नाव लिहिलेलं नाही. प्रत्येक सदस्याच्या कार्यालयाला पाठवलेल्या प्रतीवर माझी सही, पत्ता आणि सनद क्रमांक आहे.)